पेटीतला वेताळ कितीला जाईल?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळून त्यांचा प्रश्न थोडक्यात देते.

"दिवाळीआधी चुना मारायला खोल्या रिकाम्या केल्या, तेव्हा तुरीच्या पोत्यांमागे मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, लोखंडी पेटी निघाली. आत दीडशेच्या वर कॉमिक्स. बहुतेक इंद्रजालचे मराठी अंक: वेताळ (म्हणजे फँटम), मँड्रेक, बहादूर. काही अमर चित्रकथा, थोडे चांदोबा आणि तळाशी हिंदी नागराज. मामाजींचा पूर्वी बसस्टँडजवळ पानठेला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते ही पुस्तकं पोरांना भाड्याने द्यायचे. पुष्कळांवर त्यांनी पेनाने नंबर टाकले आहेत, काही सुतळीने शिवली आहेत, काहींची मुखपृष्ठं गेली आहेत. मोबाईलवर व्हिडिओ पाहिला की अमेरिकेत तीन भावांना आईच्या माळ्यावर एक कॉमिक सापडलं आणि ते ऐंशी कोटींना गेलं. तेव्हापासून घरात हाच विषय. यजमान म्हणतात, 'विकून टाक, विहिरीवरच्या मोटरीचे पैसे निघतीन.' दीर म्हणतात, 'रद्दी आहे, किलोनं जाईन.' मी फोटो टाकले तर एक जण चाळीस हजार देतो म्हणाला, पण आधी नोंदणीचे अठराशे रुपये मागतो. नागपूरचे जुन्या पुस्तकांचे एक दुकानदार सगळ्याचे मिळून तीन हजार म्हणतात. मामाजींना विचारलं तर 'तुमाले वाटते तसं करा' एवढंच बोलले. माझा मुलगा चौथीत आहे, तो रोज एखादं ओढून नेतो आणि पानं दुमडतो. त्याला रागावू की वाचू देऊ? आणि यांची खरी किंमत किती? घाई केली तर फसू, थांबलो तर नुकसान होईल, असं झालं आहे."

ताई,

सगळ्यात आधी तो अठराशे रुपयेवाला. बाकी सगळ्या गोष्टी चार दिवस थांबू शकतात, ही नाही. त्याला एक रुपयाही पाठवू नका. वस्तू तुमची, घेणारा तो, मग पैसे तुमच्याकडून का जावेत? जुनी नाणी आणि नोटा लाखोंना घेतो असं सांगून नोंदणी, कमिशन, कर अशा नावांखाली आधी पैसे उकळण्याचा धंदा इतका पसरला होता, की रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना जाहीरपणे सावध केलं होतं, कारण हे लोक बँकेचंच नाव वापरत होते. जुन्या कॉमिक्सच्या बाबतीत चाल तीच आहे. आता तो कदाचित म्हणेल, 'बरं, नोंदणी राहू द्या, मीच पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका.' पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, फक्त द्यायला लागतो. घरातल्या कुणी आधीच काही पाठवलं असेल तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करा. तिथे पहिले काही तास फार मोलाचे असतात.

त्या माणसाबरोबर त्याचा आकडाही सोडून द्या. हे म्हणायला सोपं आहे आणि करायला अवघड, हे मला कळतं. चाळीस हजार एकदा कानावर पडले की नागपूरच्या दुकानदाराचे तीन हजार अपमानासारखे वाटतात. पण चाळीस हजार ही तुमच्या पुस्तकांची किंमत नव्हतीच, ते अठराशे रुपये काढून घेण्यासाठी टाकलेलं आमिष होतं. आणि तीन हजार ही सुद्धा पुस्तकांची किंमत नाही. ती एका दुकानदाराने न बघता, सगळा ढीग उचलण्यासाठी, आपला धोका आणि नफा धरून सांगितलेली रक्कम आहे. त्यांना दोष देऊ नका, दुकान असंच चालतं. पण तुमच्या पेटीत काय आहे ते या दोघांपैकी कुणीच पाहिलेलं नाही. खरं सांगायचं तर, अजून तुम्हीही पुरतं पाहिलेलं नाही.

तो अमेरिकेचा व्हिडिओ खोटा नाही. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये 'सुपरमॅन'चा १९३९ सालचा पहिला अंक ९१ लाख २० हजार डॉलरला गेला, म्हणजे आपल्या हिशेबाने ऐंशी कोटींच्या आसपास. आई वारल्यावर घर आवरताना तीन भावांना तो जुन्या वर्तमानपत्रांखाली एका खोक्यात सापडला, हेही खरं. पण तो इतक्या पैशांना का गेला, हे व्हिडिओत दोन वाक्यांत उरकलं जातं, आणि तुमच्या कामाचं नेमकं तेच आहे.

एक तर ते पात्र आजही जगभर जिवंत आहे. ज्यांनी तो अंक लहानपणी हातातही धरला नाही, असे लोक आज त्यासाठी बोली लावतात. दुसरं, त्या काळचे अंक फार थोडे उरले. मुलांनी वाचून फाडले, आयांनी टाकून दिले आणि दुसऱ्या महायुद्धात तिथे कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, त्यात ढीगच्या ढीग लगद्यात गेले. तिसरं कारण म्हणजे अवस्था. तिकडे अशा अंकांना दहापैकी गुण देणाऱ्या कंपन्या आहेत आणि या अंकाला नऊ गुण मिळाले. शहाऐंशी वर्षांच्या कागदाला नऊ! उत्तर कॅलिफोर्नियाच्या थंड हवेत तो कोणाचाही हात न लागता पडून होता. आपल्याकडे पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

याच्या उलटही झालेलं आहे. १९९२ साली सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक निघाला. काळ्या पिशवीत बंद करून विकला. उद्या सोनं होईल म्हणून लोकांनी लाखो प्रती घेऊन न उघडता ठेवल्या. जे सगळ्यांनी जपलं ते दुर्मिळ कसं होणार? ते अंक आजही ढिगाने मिळतात आणि स्वस्त मिळतात. तुमच्या घरात सध्या 'जुनं आहे म्हणजे किंमत असणार' आणि 'जुनं आहे म्हणजे रद्दी' अशी दोन मतं भांडत आहेत. दोन्ही मतं फक्त वयावर बोलतात, आणि वयाने कॉमिकची किंमत ठरत नाही. तो विशिष्ट अंक आज किती उरला आहे, कोणत्या अवस्थेत आहे आणि त्यासाठी खिशात हात घालणारी माणसं किती आहेत, यावर ती ठरते.

आता तुमच्या पेटीकडे येऊ.

इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये सुरू केलं आणि १९९० मध्ये ते बंद झालं. इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी आणि इतर भारतीय भाषांतही ते निघायचं. सुरुवातीला महिन्याला एक अंक, मग पंधरवड्याला, आणि ऐंशीच्या दशकात दर आठवड्याला. यावरून एक गोष्ट लक्षात घ्या: ऐंशीच्या दशकातले अंक संख्येने पुष्कळ आहेत, साठच्या दशकातले कमी. सुरुवातीच्या अंकांत फक्त वेताळच होता, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन वगैरे मंडळी नंतर आली. बी. गोविंद यांनी रंगवलेली त्या वेळची मुखपृष्ठं पाहिली की लोक ते अंक का शोधतात हे कळतं. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी बहादूर आणला, चंबळच्या डाकूंच्या मुलखातला, कुडता आणि जीन्स घालणारा आपल्याकडचा नायक. त्याच्या पहिल्या काही अंकांना मागणी आहे. म्हणून पेटीतले बहादूर वेगळे काढा आणि त्यातला सगळ्यात जुना कोणता ते पाहा. प्रत्येक अंकावर क्रमांक किंवा महिना-साल असतं, जुन्या अंकांवर सलग क्रमांक, पुढच्यांवर खंड आणि अंक. किंमत साठ-सत्तर पैसे असेल तर अंक जुना. ती रुपयांत गेली की तो नंतरचा.

मराठी अंकांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. मराठी अंक इंग्रजीपेक्षा कमी दिसतात, म्हणून ते आपोआप जास्त पैशांना जातील असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. इंग्रजी अंकाला केरळपासून बंगालपर्यंत घेणारे मिळतात, मराठीला मराठी वाचणाराच लागतो. पण जो घेणारा असतो तो जिवाचा असतो. लहानपणी वेताळाचं डेंकालीचं जंगल त्याने मराठीतूनच पाहिलेलं असतं आणि इंग्रजी अंकाने त्याचं भागत नाही. तेव्हा विकायचंच ठरलं तर असा माणूस शोधावा लागेल. दुकानदाराला तो शोधायला वेळ नसतो, म्हणूनच तो तीन हजार म्हणतो.

अमर चित्रकथेच्या बाबतीत मन फार वर नेऊ नका. अनंत पै यांनी १९६७ मध्ये ती मालिका सुरू केली आणि ती इतकी चालली की एकेक पुस्तक पुन्हापुन्हा छापलं गेलं, आजही छापलं जातं. 'कृष्ण' घरोघरी आहे. जुनी छपाई आणि नवी छपाई यांत फरक आहे, पण तो मुखपृष्ठावरच्या छापील किमतीवरून ओळखावा लागतो. चांदोबाचे सुटे अंक मिळतात. सलग वर्षाचे बारा असतील तर गोष्ट वेगळी, म्हणून ते मोडू नका.

आणि तळाशी पडलेले हिंदी नागराज, जे तुम्ही पत्रात जाता जाता लिहिले आहेत, ते आधी वर काढा. राज कॉमिक्सने १९८६ मध्ये नागराज आणला. सुरुवातीची चित्रं प्रताप मुळीक यांची, ज्यांनी अमर चित्रकथेतही पुष्कळ काम केलं होतं. ते वाचत मोठी झालेली मुलं आज चाळीस-पंचेचाळीसची आहेत, कमावती आहेत, आणि आपलं बालपण परत विकत घेण्याच्या वयात आहेत. आपल्या विदर्भात तर मराठी आणि हिंदी दोन्ही कॉमिक्स एकाच दोरीवर टांगलेली असायची. पहिल्या छपाईचा सुरुवातीचा नागराज चांगल्या अवस्थेत असेल तर तुमच्या पेटीत कदाचित तोच सगळ्यात लवकर विकला जाईल. मात्र त्यांच्याही पुढे पुन्हा छपाया झाल्या आहेत, तेव्हा इथेही छापील किंमत पाहायची.

यातच 'थांबलो तर नुकसान' या तुमच्या भीतीचं उत्तर आहे. इंद्रजाल वाचत वाढलेली पिढी आज पन्नाशी-साठीत आहे. पुढच्या दोन-चार महिन्यांत काही बिघडत नाही. पण वीस वर्षांनी भाव चढलेला असेल असं धरूनही चालू नका. तेव्हा घेणारी माणसंच कमी झालेली असू शकतात.

अवस्थेचं काय? इथे मला तुम्हाला थोडं निराश करावं लागेल. मुखपृष्ठ नसलेला, मधलं पान गेलेला, सुतळीने शिवलेला अंक बाजारात फार खाली येतो. पेनाने लिहिलेला नंबरही किंमत कमी करतो. भाड्याने फिरलेल्या पुस्तकांना संग्राहक सहसा हात आखडूनच पैसे देतात. सगळी पेटी मिळून मोटरीची पूर्ण किंमत निघेल, असं मला वाटत नाही. काही अंक शेकड्यांत जातील, नशीब असेल तर एखाददुसरा हजारांत, आणि उरलेल्यांना कुणी घेणारच नाही. हा माझा अंदाज आहे, पेटी न बघता केलेला. पण त्यावर तुमची मोटर टांगू नका.

मोटरीचं वेगळं बघा. ती हरभऱ्याच्या पाण्याच्या आत हवी असेल तर तिला तारीख आहे, आणि कॉमिक्स विकायला तारीख नसते. गरज निकडीची आहे हे दिसलं की घेणारा थांबतो आणि भाव पाडतो. जुन्या मोटरीचं रिवाइंडिंग होऊन हा हंगाम निघतो का, बचत गटातून हात उसना मिळतो का, हे यजमानांशी बसून आधी ठरवा. मग कॉमिक्सचे जे येतील ते वरचे.

आता ज्या गोष्टीवर तुमच्या पत्रात एकच ओळ आहे, तिच्याबद्दल बोलू. पत्र मी दोनदा वाचलं. यजमानांचं मत आहे, दिरांचं आहे, दुकानदाराचं आहे, मोबाईलवरच्या अनोळखी माणसाचंही आहे. ज्यांनी ही पुस्तकं घेतली, भाड्याने दिली, परत आली की मोजून घेतली, फाटली तर शिवली आणि पानठेला बंद झाल्यावर इतकी वर्षं सांभाळली, ते मामाजी मात्र 'तुमाले वाटते तसं करा' एवढंच बोलले, आणि घरातल्यांनी तो होकार धरला.

तो होकार आहे का? मला तसं वाटत नाही. आपल्या गावाकडे म्हातारी माणसं असं बोलतात तेव्हा त्याचा अर्थ पुष्कळदा 'मला नीट विचारा' असाच असतो. त्यांना मोटरीची अडचण दिसते आहे. मुलाच्या अडचणीपुढे आपली जुनी कॉमिक्स आणणं त्यांना शोभत नाही असं वाटत असेल. आणि ज्या वस्तूला धाकटा मुलगा समोरच रद्दी म्हणतो, ती मला हवी आहे हे कोणत्या तोंडाने म्हणायचं? किंवा कदाचित त्यांना खरंच काही वाटत नसेल, धंदा होता, संपला. दोन्ही शक्य आहे. पण ते तुम्हाला माहीत नाही, आणि विचारायला ते घरातच आहेत, हे किती बरं आहे. माझ्याकडे अशी पुष्कळ पत्रं माणूस गेल्यानंतरची येतात.

'मामाजी, विकू का?' असं विचारू नका, त्याला पुन्हा तेच उत्तर येईल. पेटी ओसरीवर आणा आणि त्यांना यादी करायला बसवा. तुम्हाला त्यांची गरज खरोखरच आहे, हे काही नाटक नाही. पेनाने टाकलेले ते नंबर त्यांच्या वहीचे असणार. कोणता अंक कुठून आणला, कोणता कुणी परत दिलाच नाही, सुतळीने एकत्र शिवलेले पाच अंक कोणत्या गोष्टीचे, सुट्टीत एका दिवसाला किती पैसे व्हायचे, हे दुसरं कोण सांगणार? ती वही अजून कुठे असेल तर तीही शोधा. तालुक्याच्या गावच्या पानठेल्यावर मुलं काय वाचायची, किती पैशात वाचायची, याची नोंद आपल्याकडे कुणी ठेवलेली नाही. बाजारात त्या पेनाच्या नंबरामुळे अंकाचा भाव उतरतो हे खरं, पण त्याच नंबरामुळे ही पेटी इतर दहा पेट्यांसारखी राहत नाही. यादी करताना ते काय बाजूला काढून ठेवतात, कशावरून हात फिरवतात, ते बघा. त्यानंतर विचारा, 'मामाजी, यातले कोणते ठेवायचे?' आणि यजमानांनाही त्या दिवशी तिथे बसवा. निर्णय तुम्हा सगळ्यांचा आहे. मोबाईल तुम्हाला येतो म्हणून तो एकट्या तुमच्या डोक्यावर का यावा?

यादीसाठी साधी शाळेची वही पुरे. अंकाचं नाव, क्रमांक, महिना-साल, छापील किंमत, पानं पुरी आहेत का, आणि जे काही बिघडलं असेल ते. पानं खरंच मोजा. मधलं पान नसलेला अंक 'पूर्ण' म्हणून विकला आणि घेणाऱ्याने परत पाठवला की पुढे कुणी विश्वास ठेवत नाही. फोटो दिवसा, सावलीत काढा: पुढची बाजू, मागची बाजू, पाठीवरची शिवण आणि एक आतलं पान. डाग झाकू नका.

जपण्याबद्दल. हा कागद म्हणजे वर्तमानपत्राचाच स्वस्त कागद. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन त्यात राहिलेलं असतं. ऊन आणि हवा लागली की तो पिवळा पडतो, आंबट होतो आणि शेवटी पापडासारखा तुटतो. म्हणून वास जावा म्हणून अंगणात उन्हात पसरू नका. घरात, पंख्याखाली, एक दिवस उघडे ठेवा. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झाडा, ओलं फडकं लावू नका. चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक पुढे तपकिरी डाग पाडतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. चांगल्या हेतूने लॅमिनेशन केलेली कितीतरी मुखपृष्ठं लोकांनी मला दाखवली आहेत, आणि ती आता कोणत्याच संग्राहकाच्या कामाची नाहीत. सुतळी आज घाईने कापू नका, आधी मामाजींना विचारा. रबरबँड मात्र काढून टाका. पिना गंजल्या असतील तर ओढू नका, पान फाटतं.

ठेवायची जागा पत्र्याच्या खोलीत नको. मातीच्या भिंतीची आतली खोली उन्हाळ्यात बरी, पण पेटी भिंतीला टेकवू नका आणि जमिनीवर ठेवू नका. चार विटांवर फळी टाकून तिच्यावर ठेवा, म्हणजे उधई चढली तर दिसते. पेटीत खाली आणि वर धुतलेलं जुनं सुती कापड, धोतर किंवा लुगडं. अंक आडवे, थोडे थोडे. डांबराच्या गोळ्या ठेवायच्या तर पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात, कागदाला लागू नयेत आणि मुलाच्या हाती येऊ नयेत. साध्या पिशव्यांत गच्च बांधू नका, पावसाळ्यात आत ओल धरते. निवडक दहा-पंधरा अंकांसाठी स्वच्छ पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या आणि मागे जाड पुठ्ठा एवढा खर्च पुरे. पाऊस संपला की वर्षातून एकदा पेटी उघडून बघायची.

विकायचं ठरलं तर सगळा ढीग एकदम देऊ नका. यादीवरून वेगवेगळे गट पडतील. निवडक अंकांचे भाव बघताना लोक काय मागतात ते बघू नका, काय मिळालं ते बघा. कापसाचा भावही व्यापारी तोंडाने बोलतो तो नसतो, काट्यावर पावती फाटते तो असतो. एका वेताळासाठी कुणी पाच हजार मागतो आणि तो अंक दोन वर्षं तसाच पडून असतो, असं नेहमी दिसतं. निदान तीन वेगवेगळ्या माणसांना तीच यादी दाखवा. नागपूरला कामानिमित्त जाणं झालंच तर सीताबर्डीला दोन-तीन जुन्या पुस्तकवाल्यांना चार अंक हातात देऊन विचारा. सगळी पेटी घेऊन जाऊ नका. लांबच्या माणसाला पाठवायचं तर पैसे खात्यात जमा झाल्याचं बँकेत बघून मगच. समोरच्याने पाठवलेल्या फोटोवर विश्वास नको. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये बांधून स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. स्वतःजवळचा अंक विकणं हा तुमचा हक्क आहे. पण त्याची पानं स्कॅन करून फाइली विकणं किंवा वाटणं हा वेगळा मामला, तिथे प्रकाशकाचे हक्क आड येतात. तसं कुणी सुचवलं तर नाही म्हणा.

ज्या वाचकांच्या घरी अशी पेटी निघाली नाही पण निघू शकते, त्यांच्यासाठी एवढंच: भंगारवाल्याला बोलावण्याआधी क्रमांक, साल आणि छापील किंमत बघा. त्याला दहा मिनिटं लागतात.

राहिला तुमचा मुलगा. त्याला रागावू नका. पेटीतून तीन वाटे करा. दहा-पंधरा उत्तम अंक, त्यांना तो हात लावणार नाही. काही मामाजी ठेवा म्हणतील ते, त्यांना विचारून. आणि उरलेले, मुखपृष्ठ गेलेले, कोपरे झिजलेले, बाजारात ज्यांना पंचवीस रुपयेही येणार नाहीत ते त्याचे. तेलाचे हात पुसायचे, जेवताना नाही, आणि पान उलटताना वरच्या कोपऱ्याला धरायचं, एवढं आजोबाच त्याला शिकवतील. भाड्याने देताना त्यांनी कितीतरी पोरांना ते शिकवलं असेल. चौथीतला मुलगा रोज स्वतःहून एक पुस्तक ओढून नेतो, ही गोष्ट तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे. ती तक्रार समजू नका. मराठी चित्रकथा वाचायला मिळाव्यात म्हणून पैसे मोजणारे आईबाप मला शहरात भेटतात.

आणि हे अंक संपले की त्याला बालभारतीचं 'किशोर' दाखवा. १९७१ पासून निघतं, जुने अंक बालभारतीने ऑनलाइन ठेवले आहेत आणि ते वाचायला पैसे पडत नाहीत. त्या मोबाईलवर सध्या कॉमिक्सच्या लिलावाचे व्हिडिओ चालू आहेत, त्यातला अर्धा तास त्याला देता येईल.